लूम नंबर तीन-अ

खरं तर ती चौथी.
पण तो मान हलवत राहिला. त्यांच्याकडे
चार आणि मरण एकाच आवाजात बोलतात म्हणे.
म्हणून मी पत्र्यावर ऑइलपेंटने लिहिलं: तीन-अ.
भंगाळे शेठ म्हणाले, लिही, आपलं काय जातं,
आपण नाही का लिंबू-मिरची बांधत.

जळगाव एमआयडीसी, व्ही सेक्टर, चटईचा कारखाना, मे महिना.
पासपोर्टावर तो प्याव छंगहाव.
घरी पाक संगहो.
एकच अक्षर, दोन तोंडांनी वाचलेलं.
वॉचमनने नुसतं 'पाक' ऐकलं
आणि रजिस्टर मिटून थेट चौकीला फोन लावला.
दोन तास गेटबाहेर उन्हात बसला बिचारा.
निजाम तडवीने त्याला डब्यातली कळण्याची भाकरी दिली, वर ठेचा.
ठेचा त्याने बोटाने चाटला,
डोळे पुसले, आणखी मागितला.

हिरव्या बटणावर खाय. लाल बटणावर थिंग.
खाय म्हणजे चालू, थिंग म्हणजे थांब.
चीनची सरकारी भाषा मी तेवढीच शिकलो.
निजाम हिरवं बटण दाबताना म्हणायचा, खाय माय, खाय,
आणि लूम नळ्या ओढू लागायची.
घरच्या भाषेत मात्र तो भाताला बाप म्हणायचा.
दुपारी एक वाजता अख्ख्या शेडला विचारत फिरायचा:
बाप? बाप?
पोरं लोळायची हसून.
मी सांगितलं, आमचंही असंच,
अहिराणीत भांडतो, मराठीत अर्ज करतो.
फोनमधल्या बाईने त्याचं काय भाषांतर केलं कोण जाणे,
तो बराच वेळ गप्प होता.

एका रात्रपाळीत त्याने इमारतीचा फोटो दाखवला.
सव्वीस मजले, एकाही खिडकीला काच नाही.
अकराव्या मजल्यावरचं एक भोक बोटांनी मोठं केलं: माझं.
बिल्डर बुडाला, क्रेन गंजली, हप्ता चालू.
हप्ता बायको पाठवते सोलहून,
हॉटेलात मांस भाजायच्या जाळ्या घासते.
तिथे तिची बोली ऐकून विचारतात, चीनची का?
आणि नदीपलीकडे, उत्तरेत, मावशी.
नदी केवढी?
त्याने पुलावरून आमची उन्हाळ्यातली गिरणा पाहिली होती.
एवढीच, म्हणाला. पण पाणी आहे. आणि बंदुका.
मावशीला शेवटचं पाहिलं तेव्हा
ती हात हलवत होती की धुणं झटकत होती,
इतक्या लांबून कळलं नाही.

पुढच्या जूनमध्ये वर डोंगरात जवान गेले.
चौकात एक टीव्ही जाळला.
मीही होतो, म्हणजे मागे, व्हिडिओ काढत.
ज्या फोनने काढला त्याचं नाव आता विचारू नका.
शेठने मशीनच्या पाटीवर शुभ-लाभ चिकटवलं.
आम्ही बोलायचो ते ॲप बंद झालं. व्हिसा तर बंदच.

दिवाळीच्या तोंडावर तीन-अ थांबली.
पडद्यावर आठ अक्षरं,
त्यांतलं मला एकच वाचता आलं: थिंग.
कोरियाचा दाणा विकणारा सुरतचा एजंट,
त्याचा बुसानचा साहेब, साहेबाची टायपिस्ट,
अशा कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून निरोप गेला.
नवव्या दिवशी उत्तर आलं.
पेन्सिलीने काढलेला रोलर, एक स्क्रू, उलटा बाण.
कोपऱ्यात वाटी, वाटीवर वाफेच्या तीन रेघा
आणि पुढे प्रश्नचिन्ह.

निजामने पाना लावला. अर्धा आटा.
खाय माय.

पहिल्या चटईची नक्षी एका अंगाला सरकलेली,
मोराची मान एका काठाला, पिसारा दुसऱ्या.
शेठ म्हणाले, सेकंडमध्ये काढ.
मी ती पगारातून कापून घरी आणली.
रात्री तीच अंथरतो जेवायला.
घरात माणसं चार.
धाकटी ताटं मांडताना मोजते:
एक, दोन, तीन,
तीन-अ.